पर्यावरण-विश्लेषकाला व्हिसाचा प्रायोजक का सापडत नाही?

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले, तेव्हा भारतातील जवळजवळ सारी चर्चा संगणक-अभियंत्यांभोवती फिरली. त्या गदारोळात विज्ञान शाखेचा एक वर्ग नजरेआड राहिला. पर्यावरणशास्त्र, रसायनशास्त्र, भूविज्ञान किंवा भौतिकशास्त्र शिकून हवा, पाणी आणि माती मोजण्याचे काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचा हा वर्ग आहे. त्यांच्यातील अनेक जण दरवर्षी शैक्षणिक कर्ज काढून ब्रिटन, अमेरिका किंवा जर्मनीत पदव्युत्तर शिक्षणासाठी जातात आणि पदवी हातात पडताच एकच प्रश्न विचारू लागतात: व्हिसाचे प्रायोजकत्व, म्हणजे स्पॉन्सरशिप, देणारी कंपनी शोधायची कशी?

हा प्रश्न उशिरा विचारला जातो, ही खरी अडचण आहे. पर्यावरण-विश्लेषकाला प्रायोजक मिळेल की नाही, याचा बराचसा निकाल त्याच्या गुणपत्रिकेने किंवा अर्जांच्या संख्येने लागत नाही. तो लागतो त्या देशातील वेतनमर्यादेने, त्या व्यवसायातील सुरुवातीच्या पगाराने आणि कामाच्या स्वरूपाने. या तिन्ही गोष्टी प्रवेशअर्ज भरण्यापूर्वीच कळू शकतात. म्हणून हे गणित कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी मांडायला हवे.

प्रथम काम समजून घेऊ. पर्यावरण-विश्लेषक धुराड्यातून, नदीच्या पात्रातून किंवा दूषित जमिनीतून नमुने घेतो, प्रयोगशाळेत त्यांचे मापन करतो, मापनातील अनिश्चितता मांडतो, प्रदूषक कोठवर पसरेल याचा अंदाज प्रतिमानांच्या साहाय्याने बांधतो आणि शेवटी हे सारे कायद्याने घालून दिलेल्या मर्यादेशी ताडून अहवाल लिहितो. यातील पहिल्या चार पायऱ्या जगभर सारख्याच आहेत. वायूचे विसरण दिल्लीत आणि लंडनमध्ये एकाच भौतिकीने होते. पाचवी पायरी मात्र पूर्णपणे स्थानिक आहे. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून बहुतेक मोठ्या बांधकामांना जैवविविधतेत किमान १० टक्के निव्वळ वाढ दाखवावी लागते. जर्मनीत हवेविषयीचे तांत्रिक निर्देश जर्मन भाषेतच वाचावे लागतात. अमेरिकेत दर राज्याचे परवाने वेगळे. संगणकाची आज्ञावली सीमा ओलांडते, पर्यावरणाचा परवाना ओलांडत नाही. त्यामुळे नियोक्त्याला स्थानिक कायदा जाणणारा स्थानिक पदवीधर सोयीचा वाटतो, आणि परदेशी उमेदवारासाठी जादा खर्च करण्याचे कारण त्याला सहजी सापडत नाही.

आता ब्रिटनचे उदाहरण सविस्तर पाहू. तेथील स्किल्ड वर्कर व्हिसासाठी सर्वसाधारण वेतनमर्यादा एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पौंडांवरून ३८,७०० पौंडांवर आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पौंडांवर नेण्यात आली. ही मर्यादा आणि त्या व्यवसायासाठी ठरवलेला प्रचलित दर, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती लागू होते. पर्यावरण-व्यावसायिक हा गट पात्र व्यवसायांच्या यादीत आहे, हे खरे. परंतु सल्लागार संस्थांतील आणि चाचणी-प्रयोगशाळांतील नवख्या विश्लेषकाचा पगार सामान्यतः २५ ते ३० हजार पौंडांच्या आसपास सुरू होतो. यादीत नाव आहे, पण पगार उंबरठ्यापर्यंत पोहोचत नाही.

नवोदितांसाठी सवलत आहे. वय २६ पेक्षा कमी असेल किंवा उमेदवार विद्यार्थी व्हिसावरून येत असेल, तर मर्यादा ३३,४०० पौंडांपर्यंत खाली येते. मात्र या सवलतीला एक घड्याळ जोडलेले आहे. ती एकूण चारच वर्षे टिकते आणि पदवीनंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर घालवलेला काळही त्याच चार वर्षांत मोजला जातो. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच मिळणार आहे, पीएच.डी. धारकांना तीन वर्षे कायम आहेत. म्हणजे २०२६ च्या शरद ऋतूत एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला गेलेल्या विद्यार्थ्याने १८ महिने कमी पगारावर अनुभव घेतला, तर त्यानंतर सवलतीची अडीच वर्षे उरतात. तेवढ्यात पगार पूर्ण मर्यादेपर्यंत चढला नाही, तर अनुभव असूनही त्याला परतावे लागते.

नियोक्त्याची बाजूही पाहिली पाहिजे. त्याच्याकडे ब्रिटिश गृहखात्याचा प्रायोजक-परवाना असावा लागतो. शिवाय मध्यम आणि मोठ्या संस्थांना प्रत्येक प्रायोजित कर्मचाऱ्यामागे दरवर्षी १,३२० पौंडांचा कौशल्य-अधिभार भरावा लागतो. पाच वर्षांचे ६,६०० पौंड होतात. परवानाधारक संस्थांची यादी सरकारने सर्वांसाठी खुली ठेवली असून तिच्यात एक लाखाहून अधिक नावे आहेत. ती पाहून अनेकांना हुरूप येतो. पण परवाना असलेली संस्था प्रत्येक पद प्रायोजित करते असे नाही. तिने परवाना एखाद्या अनुभवी भूजल-तज्ज्ञासाठी घेतलेला असू शकतो. यादीतील नावांना शेकडो अर्ज धाडण्यापेक्षा जाहिरातीतील पगाराचा आकडा आधी पाहणे अधिक शहाणपणाचे ठरते.

अमेरिकेत अडथळ्याचे रूप निराळे आहे. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना ओपीटीखाली १२ अधिक २४, असे ३६ महिने काम करता येते आणि पर्यावरणशास्त्र त्या यादीत मोडते. एक लाख डॉलरचे शुल्क मुख्यतः देशाबाहेरील उमेदवारांच्या नव्या अर्जांसाठी आहे. अमेरिकेतच राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीकडे वळणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला. हा दिलासा मोठा आहे. पण वर्षाला ६५,००० आणि अमेरिकी पदव्युत्तर पदवीधरांसाठी आणखी २०,००० ही संख्यामर्यादा कायम आहे, आणि २०२६ पासून सोडतीत अधिक वेतनश्रेणीच्या अर्जांना अधिक वजन मिळते. सर्वांत वरच्या श्रेणीच्या नावाला चार संधी, सर्वांत खालच्या श्रेणीला एक. नवखा पर्यावरण-विश्लेषक बहुधा खालच्याच श्रेणीत असतो.

त्यात तेथील बाजारपेठही आकसली आहे. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेने जुलै २०२५ मध्ये आपला संशोधन आणि विकास विभाग बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, आणि त्या वर्षाच्या आरंभी १६,१५५ असलेली कर्मचारीसंख्या १२,४४८ वर येईल असे सांगितले. संघराज्य सरकारच्या बहुतेक नोकऱ्या नागरिकांनाच मिळतात, त्यामुळे त्या तशाही भारतीय विद्यार्थ्यांसाठी नव्हत्या. परंतु तेथून बाहेर पडलेले अनुभवी शास्त्रज्ञ आता खासगी संस्थांचीच दारे ठोठावतील, आणि त्यांना व्हिसा लागत नाही. संशोधनाकडे कल असणाऱ्यांसाठी एक वाट उरते: विद्यापीठे आणि ना-नफा संशोधन संस्था संख्यामर्यादेच्या आणि सोडतीच्या बाहेर आहेत. ती वाट मुख्यतः पीएच.डी.च्या दिशेने जाते.

जर्मनीचे गणित तुलनेने सौम्य आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, त्यामुळे कर्जाचा बोजा कमी. पदवीनंतर १८ महिने नोकरी शोधता येते. ब्लू कार्डासाठी नव्या पदवीधरांची वेतनमर्यादा २०२६ साठी सुमारे ४५,९३४ युरो आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांचा वार्षिक व्हिसा-आकडा २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचे जाहीर केले. तेथील किंमत पैशांपेक्षा भाषेची आहे. नमुना घेताना इंग्रजी पुरते. महापालिकेशी पत्रव्यवहार आणि परवान्याचा अहवाल जर्मनमध्येच होतो. दोन वर्षे इंग्रजी माध्यमात शिकून भाषेकडे दुर्लक्ष करणारा विद्यार्थी तेथेही बाहेरच राहतो.

मग जाणाऱ्याने काय करावे? प्रवेशापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. त्या देशात या पदाचा सुरुवातीचा पगार किती? व्हिसाची वेतनमर्यादा किती? पदवीनंतर मिळणाऱ्या मुदतीत हे अंतर कापता येईल का? आणि न कापता आल्यास कर्जाचा हप्ता भारतातील पगारातून फिटेल का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर तो अभ्यासक्रम कितीही नामांकित असला तरी परवडणारा नाही.

कौशल्यांची निवडही याच नजरेने करावी. आयएसओ/आयईसी १७०२५ हे प्रयोगशाळांचे मानक सर्व देशांत चालते. अनिश्चिततेचे काटेकोर गणित, वर्णलेखन आणि वस्तुमान-वर्णपटमापन, वायुविसरणाची प्रतिमाने, भूजलप्रवाहाचे संगणन, उपग्रहीय माहितीचे विश्लेषण यांनाही सीमा नाही. अशा विशेष कौशल्यांना वेतनमर्यादा ओलांडणारा पगार मिळण्याची शक्यता अधिक असते. 'पर्यावरण व्यवस्थापन' अशा सैल नावाच्या, प्रयोगशाळा आणि गणित दोन्ही टाळणाऱ्या पदव्यांची परदेशी बाजारात सर्वाधिक अडचण होते, कारण त्यांचे काम स्थानिक पदवीधर तितक्याच सहजतेने करतो.

एक इशारा अनावश्यक ठरू नये. प्रायोजकत्व विकत घेता येत नाही. ब्रिटनमध्ये कौशल्य-अधिभार उमेदवाराकडून वसूल करण्यास नियोक्त्याला मनाई आहे. भारतातून परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या दलालाला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते आणि त्याच्या सेवाशुल्काची मर्यादा ३० हजार रुपये अधिक वस्तू-सेवा कर इतकी आहे. लाखो रुपयांच्या मोबदल्यात 'खात्रीचा प्रायोजक' देऊ करणारा माणूस नोकरी विकत नसतो, हे घरातील वडीलधाऱ्यांनाही समजावून सांगावे. कारण पैसे बहुधा त्यांच्याच मुदत ठेवीतून जातात.

इथवर झाले जाणाऱ्याचे गणित. देशाचे गणित याहून अस्वस्थ करणारे आहे. ज्या विश्लेषकांना परदेशात प्रायोजक मिळत नाही, त्यांची भारतात गरज नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांत अकरा हजारांहून अधिक मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी रिक्त असल्याची आकडेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे आली. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश, हरियाणा, राजस्थान आणि पंजाब यांना या जागा तीन महिन्यांत भरण्यास सांगितले. दरवर्षी हिवाळ्यात ज्या प्रदेशाची हवा राष्ट्रीय बातमी होते, त्याच प्रदेशात ती मोजणाऱ्यांच्या खुर्च्या रिकाम्या, आणि त्या खुर्च्यांवर बसू शकणारे पदवीधर मँचेस्टरमध्ये ३३,४०० पौंडांची नोकरी शोधत आहेत.

ते परत का येत नाहीत, याचे उत्तर केवळ पगारात नाही. मंडळांतील भरती वर्षानुवर्षे रखडते, आणि झाली तरी अनेकदा कंत्राटी होते. खासगी क्षेत्रात २००६ च्या अधिसूचनेनुसार होणारे पर्यावरणीय आघात मूल्यांकन प्रकल्पाचा प्रवर्तकच आपल्या खर्चाने सल्लागाराकडून करून घेतो. ज्याच्या धुराड्याचे मापन करायचे त्याच्याकडूनच मानधन घ्यायचे, अशी ही रचना आहे. प्रामाणिक आकडा लिहिण्याची मुभा नसेल, तर चांगला विश्लेषक त्या खुर्चीत फार काळ टिकत नाही.

तरीही चित्र बदलण्याची संधी आज पूर्वीपेक्षा मोठी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या पर्यावरण लेखापरीक्षण नियमांनी नोंदणीकृत लेखापरीक्षकांचा नवा वर्ग निर्माण केला. देशांतर्गत कार्बन व्यापार योजनेखाली उद्योगांना उत्सर्जन-तीव्रतेची लक्ष्ये ठरवून दिली जात आहेत. युरोपीय संघाची सीमेवरील कार्बन समायोजन यंत्रणा १ जानेवारी २०२६ पासून पूर्णपणे लागू झाली असून पोलाद, ॲल्युमिनियम आणि सिमेंट निर्यात करणाऱ्या भारतीय कारखान्यांना पडताळणीयोग्य उत्सर्जन-आकडे द्यावे लागत आहेत. परदेशी कायद्यासाठी भारतातच विश्लेषक लागावेत, अशी ही पहिलीच मोठी वेळ असावी. हे काम करणाऱ्याला व्हिसा लागत नाही. त्याला लागतो वेळेवर होणारा नियमित पगार, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आणि आकडा बदलण्यासाठी दबाव येणार नाही अशी हमी.

परदेशी जाण्यात गैर काही नाही. उत्तम उपकरणे आणि कडक शिस्तीच्या प्रयोगशाळा पाहून आलेला शास्त्रज्ञ देशाला हवाच आहे. विद्यार्थ्याने मात्र प्रायोजकाच्या आशेवर कर्ज काढू नये. त्या देशाच्या वेतनमर्यादेचा आणि आपल्या विषयाच्या पगाराचा मेळ बसत असेल तरच पाऊल उचलावे. आणि ज्या सरकारांनी निम्म्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत, त्यांनी बुद्धिमत्तेच्या निर्गमनाबद्दल खेद व्यक्त करण्यापूर्वी भरतीची जाहिरात काढावी.