वैमानिकांचा संप आणि आमची अट

वैमानिक पगारवाढीच्या प्रस्तावाची वाट पाहत आहेत, प्रस्ताव पटला नाही तर संपावर जाण्याचा त्यांचा विचार आहे, अशी बातमी अधूनमधून येत असते. कधी आपल्याकडून, कधी जर्मनीतून, कधी कॅनडातून. बातमी आली की आमच्या तरुण साथींची प्रतिक्रिया ठरलेली असते. महिन्याला लाखो रुपये उचलणाऱ्यांचा कसला संप? आयुष्यभर आम्हाला मेरिट शिकवणाऱ्यांच्या भांडणात आपण का पडायचे? आपला माणूस गटारात गुदमरून मरतो तेव्हा यातला कोण रस्त्यावर येतो?

हा राग आम्हाला समजतो, कारण तो आमचाही आहे. पण रागाने भूमिका ठरत नाही. भूमिका ठरवायची तर आपल्याकडे बाबासाहेबांचा कामगार चळवळीतला अनुभव आहे. दुर्दैवाने जयंतीच्या भाषणांत तो फारसा कोणी सांगत नाही.

१९३८ च्या सप्टेंबरमध्ये मुंबई विधिमंडळात खेर मंत्रिमंडळाचे औद्योगिक कलहाचे बिल चर्चेला आले. संपाआधी तडजोडीची लांबलचक प्रक्रिया सक्तीची, आणि ती पाळली नाही तर कामगार गुन्हेगार, असा त्याचा मथितार्थ होता. बाबासाहेबांनी त्याला कडाडून विरोध केला. काम सोडणे हा फार तर करारभंग ठरेल, तो फौजदारी गुन्हा होऊ शकत नाही. माणसाला त्याच्या मनाविरुद्ध कामावर ठेवणे म्हणजे त्याला गुलाम करणे. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव, असा त्यांचा युक्तिवाद होता. मग ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप केला. (७ नोव्हेंबर आपण विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो, कारण १९०० साली त्या दिवशी भिवा साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला. त्याच तारखेला हा संपही झाला होता, हे आमच्या किती मंडळांच्या फलकांवर असते?)

या युक्तिवादात कामगाराचा पगार किती, हा प्रश्न कुठेच येत नाही. हक्क अमुक रुपयांपर्यंत आणि त्याच्या वर नाही, असे बाबासाहेब म्हणाले नाहीत. म्हणून वैमानिकांच्या संपाच्या हक्काला आमचा पाठिंबा आहे. तो बिनशर्त आहे.

संपाच्या हक्काला पाठिंबा देणे आणि संपाच्या मागणीला पाठिंबा देणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक समजून घ्यायला एअर इंडियाचे दोन संप पुरेसे आहेत.

२००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या गेल्या. कंपनी एक झाली, पण पगार दोन राहिले. पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनाचा प्रस्ताव येईल म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहिली आणि एप्रिल २०११ च्या शेवटी संप केला. तो दहा दिवस चालला. दिल्ली उच्च न्यायालयाने कामावर जाण्याचा आदेश दिला, व्यवस्थापनाने संघटनेची मान्यता काढली, काही वैमानिकांना बडतर्फ केले. ६ मे रोजी संप मिटला आणि वेतनाचा प्रश्न न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीकडे गेला. समान कामाला समान दाम, एवढीच मागणी. ती आपलीच मागणी आहे.

पुढच्याच वर्षी, मे २०१२ मध्ये, दुसरा संप झाला. तो जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांचा होता. नवे ड्रीमलायनर विमान येणार होते. त्याच्या प्रशिक्षणाला इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही घेऊ नये, त्यामुळे आमची बढती मागे पडते, ही या संपाची मुख्य तक्रार होती. आजारपणाची रजा टाकून सुरू झालेला हा संप ५८ दिवस चालला. १०१ वैमानिक बडतर्फ झाले आणि ३ जुलैला संप मागे घ्यावा लागला.

दोन्ही बाजूंना वैमानिकच. गणवेश तोच, परवाना तोच, कंपनीही तीच. तरी खालच्या पायरीवरचा समानतेसाठी लढला आणि वरच्या पायरीवरचा आपली पायरी राखण्यासाठी. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, हे आम्हाला अभ्यासवर्गात तास-तास समजावून सांगावे लागते. या दोन संपांच्या बातम्या शेजारी ठेवल्या तर ते दहा मिनिटांत समजेल. १०१ जणांना घरी बसवले त्याचा आम्हाला आनंद नाही, बडतर्फी चूकच होती. पण ती मागणी दार बंद करण्याची होती आणि तिला आमचा पाठिंबा असू शकत नाही.

हे आम्ही नवे सांगत नाही. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न उभा केला होता. विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि अस्पृश्याच्या तोंडाने तो विटाळतो! ही बंदी गिरणीमालकाने घातलेली नव्हती. शेजारी उभ्या असलेल्या सवर्ण कामगाराने घातली होती, तोच कामगार जो मालकाविरुद्ध एकजुटीच्या घोषणा देत होता. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावले की हा अन्याय दूर करण्याची मागणी यादीत घेतली नाही, तर आमचे लोक तुमच्या संपात राहणार नाहीत. पुढाऱ्यांनी आढेवेढे घेत ती मागणी घातली. एकजुटीची किंमत बाबासाहेबांनी आधी मागून घेतली होती. आमच्या आजच्या पुढाऱ्यांनी हे शिकायला हवे. ते आधी पाठिंब्याचे पत्रक काढतात आणि मग वर्षभर उपेक्षेची तक्रार करत बसतात.

आजचे विणकाम खाते म्हणजे कॉकपिट. तिथे विटाळ कोणी उच्चारत नाही, उच्चारायची गरजही नाही. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च पन्नास लाखांच्या वर जातो. आमच्या वस्तीतल्या बापाने एवढे कर्ज कशावर काढायचे, पत्र्यावर? एअर इंडिया सरकारी होती तोवर निदान अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींसाठी आरक्षणाची बिंदुनामावली होती. २७ जानेवारी २०२२ ला कंपनी टाटांच्या हाती गेली आणि तो दरवाजाही लागला. त्या दिवशी कुठल्या वैमानिक संघटनेने आरक्षणासाठी काळी फीत लावल्याचे आम्ही तरी पाहिले नाही.

मग त्यांनी एकटे लढावे, आपण बाजूला बसावे? नाही. का, ते २०१९ ने शिकवले.

जेट एअरवेजमध्ये वैमानिक आणि अभियंत्यांचे पगार जानेवारीपासून थकले होते. वैमानिकांच्या संघटनेने १ एप्रिलपासून उड्डाण बंद करण्याचा इशारा दिला, मग तो १५ एप्रिलपर्यंत पुढे ढकलला. १४ एप्रिल २०१९, रविवार. आपण जयंतीच्या मिरवणुकीत होतो तेव्हा अकराशे वैमानिकांची संघटना उद्या विमान उडवायचे की नाही यावर खल करत होती. बँकांकडून पैसा येईल, कंपनीला शेवटची संधी देऊ, असे म्हणून त्यांनी संप पुन्हा पुढे ढकलला. पैसा आला नाही. १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला येणारे विमान हे कंपनीचे शेवटचे उड्डाण ठरले. वीस हजारांच्या आसपास माणसांच्या पोटावर पाय आला.

त्या वीस हजारांत वैमानिक किती? थोडे. बाकी सामान चढवणारे, विमान धुणारे, काउंटरवरचे, ठेकेदाराकडचे. आमच्या मिरवणुकीत ढोल वाजवणारा एक मुलगा विमानतळावर ठेकेदाराकडे लोडर होता. त्याला आठवड्याभरात फोनवर सांगितले गेले की आता येऊ नको. ना नोटीस, ना हिशेब. बरेच वैमानिक दुसऱ्या कंपन्यांत लागले. हा मुलगा दोन वर्षे रिक्षा चालवत होता. वरच्यांनी वाट पाहायची ठरवली तेव्हा खालच्यांना कोणी विचारलेच नव्हते. त्यांची एक संघटना असती, तर ती वाट पाहण्याची चूक कदाचित झाली नसती.

आता कायद्याचे बघा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात रेल्वे, विमान, वीज, पाणी, सफाई अशा लोकोपयोगी सेवांतच संपाआधी नोटिशीची सक्ती होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती प्रत्येक आस्थापनेवर लादली. नोटीस दिल्यावर चौदा दिवस संप नाही, तडजोडीची बोलणी सुरू झाली की संप नाही. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून नैमित्तिक रजा टाकली तरी तो संपच धरला जाईल. काल जे बंधन विमानापुरते होते ते आज शिवणकामाच्या कारखान्यापर्यंत पोचले आहे. १९३८ चे बिल परत आले आहे, आणि या वेळी विधिमंडळात त्याला फाडणारे बाबासाहेब नाहीत. वैमानिकाचा संप चिरडताना आपण टाळ्या वाजवल्या, तर तेच कलम उद्या पालिकेच्या सफाई कामगारावर चालेल. एसटीच्या संपात मेस्माची भाषा आपण ऐकलीच आहे.

तेव्हा विमानतळांवर काम करणाऱ्या आमच्या साथींनी एक करावे. वैमानिकांच्या संघटनेने संपाची नोटीस दिल्याचे कळताच त्यांच्या पदाधिकाऱ्यांना लेखी पत्र द्यावे. तुमच्या मागणीपत्रात ठेकेदाराकडच्या कामगारांचे किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि कायम करण्याची मागणी घाला. खासगी विमान कंपन्यांतल्या आरक्षणावर आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांच्या वैमानिक प्रशिक्षणाच्या खर्चावर संघटनेचा ठराव करा. हे केलेत तर तुमच्या संपाच्या दिवशी एकही बॅग पट्ट्यावर चढणार नाही. नाही केलेत तर तुमच्या हक्काच्या बाजूने आम्ही बोलू, पण तुमच्या मागणीसाठी आमचा माणूस रोजगार बुडवणार नाही. विमान कंपन्यांचे वाद केंद्राच्या अखत्यारीत येतात, म्हणून या पत्राची एक प्रत केंद्रीय कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यायला विसरू नये.