तीनशे नव्वद घोडे आणि सदुसष्ट वर्षांचा सारथी

बँकेत असताना काही वर्षे माझ्याकडे वाहनकर्जाचे टेबल होते. साठीच्या पुढचा एखादा गृहस्थ मोठ्या गाडीसाठी कर्ज मागायला आला, की आम्ही त्याच्याशी अदबीने बोलत असू आणि तो जिना उतरला की एकमेकांकडे पाहून हसत असू. ‘या वयात हे लोढणे कशाला?’ असला शेरा कुणी फाइलीवर लिहीत नाही, पण मनातल्या मनात सगळेच लिहितात. आज मी ६७ वर्षांचा आहे आणि आमच्या सोसायटीच्या तळघरात माझ्या नावावर मर्सिडीज-एएमजी जीएलसी ४३ कूपे या लांबलचक नावाची गाडी उभी आहे. त्या गृहस्थांपैकी कुणी हयात असेल तर त्याने आता खुशाल हसून घ्यावे.

गाडी नवी नाही. गावाकडच्या जमिनीचा एक तुकडा रस्त्यात गेला, मोबदला आला, भावाभावांत वाटणी झाली आणि चार वर्षे वापरलेली ही गाडी नव्याच्या जवळजवळ निम्म्या किमतीत मिळाली. घसारा म्हणजे काय हे ज्याने आयुष्यभर इतरांना समजावले, त्याने नवी गाडी घेणे शोभले नसते. जर्मन घराण्याची ही खास वेगवान गाडी २०२० पासून आपल्या चाकणच्या कारखान्यात जुळवली जाऊ लागली. या वर्गातली भारतात जुळणी झालेली ती पहिलीच. तीन लिटरचे इंजिन, ३९० अश्वशक्ती, आणि उभ्या गाडीपासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत पोचायला लागणारा वेळ ४.९ सेकंद. आमच्या घरी देवाला नमस्कार करायला याहून जास्त वेळ लागतो.

घरात कारण सांगितले ते गुडघ्यांचे. ते खोटेही नव्हते. हिच्या दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून आमच्या जुन्या ठेंगण्या गाडीत बसणे म्हणजे विहिरीत उतरणे आणि बाहेर येणे म्हणजे विहिरीतून वर येणे झाले होते. उंच गाडीची बैठक कमरेच्या पातळीला असते. दार उघडायचे, वळायचे आणि टेकायचे. जगभरची म्हातारी माणसे या उंच गाड्यांकडे वळली, त्यामागे ऐटीइतकाच हा कमरेचा हिशेब आहे.

पण गुडघ्यांना ३९० घोडे लागत नाहीत. त्याच्या चौथाई घोड्यांची एखादी साधी उंच गाडीही चालली असती. तेव्हा खरे कारण दुसरे आहे, आणि ते माझ्या पिढीतल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. आम्ही स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबलेली माणसे. मारुती ८०० आली १९८३ च्या डिसेंबरात, पण माझ्या हाती १९८८ साली आली ती दुसऱ्या मालकाकडून तिसऱ्या मालकाकडे सरकलेली प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचे, घोडे जेमतेम चाळीस, गिअर सुकाणूच्या दांड्यापाशी. सकाळी चोक ओढून तिची मनधरणी करायची. बोरघाटात शिंगरोबाच्या देवळापाशी ती हटकून तापायची. मग बॉनेट उघडून रेडिएटर निवेपर्यंत आम्ही चौघे रस्त्याच्या कडेला पुरीभाजी खात बसायचो आणि वर चढून जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे पाहायचो. त्या पाहण्यातून जे मनात साठत गेले, त्याची ठेव पस्तीस-छत्तीस वर्षांनी मुदत पूर्ण होऊन हाती आली, इतकेच.

आणि सुख झाले, हे कबूल केले पाहिजे. त्याच घाटातून ही गाडी चढते तेव्हा इंजिन कुठे आहे हेही कळत नाही. मालमोटारीला मागे टाकताना पूर्वी आधी देवाचे नाव आणि मग गिअर अशी पद्धत होती. आता अंगठा हलवावा तितके पाऊल दाबले की काम होते. द्रुतगती मार्गावर सपाट भागातही ताशी १०० ची मर्यादा आहे, घाटात त्याहून कमी, आणि २०२४ पासून जागोजागी कॅमेरे पहारा देतात. म्हणजे या गाडीची निम्म्याहून अधिक ताकद कधी वापरलीच जाणार नाही. आपल्या लॉकरमध्ये कधीच न घातलेले दागिने असतात, तशी ती ताकद. आहे, एवढ्यावरच माणूस खूश. निदान मी तसे समजत होतो.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मी तळघरात गाडी लावत होतो. पायात घरच्या चपला. वेग पायी चालण्याचा. उजव्या आरशात खांब पाहायला मान वळवली, पाय ब्रेकवर ठेवायला उचलला आणि तो शेजारच्या पट्टीवर पडला. गाडी पुढे झेपावली. दचकल्यावर माणूस काय करतो? ज्यावर पाय आहे ते आणखी जोरात दाबतो. मीही तेच केले. मुलांच्या सायकलींची लोखंडी रांग वाकली, पहारेकऱ्याची प्लॅस्टिकची खुर्ची भिंत आणि बंपर यांच्यामध्ये चिरडली गेली, आणि मग कुठे माझा पाय योग्य जागी पोचला. सगळे मिळून दोन सेकंदही झाले नसतील.

पहारेकरी त्या वेळी पाण्याची मोटर सुरू करायला गेला होता. आवाज ऐकून तो धावत आला. आधी त्याने मला हात धरून बाहेर काढले, मग खुर्चीकडे पाहिले, आणि म्हणाला, “राहू द्या साहेब, जुनीच होती.” रोज सकाळी तो त्याच खुर्चीवर बसून चहा पितो. घरी मी सांगितले, गाडी जरा खांबाला घासली.

त्यानंतर कित्येक रात्री मी त्या दोन सेकंदांचा हिशेब मांडत होतो. पद्मिनीवरही माझा पाय कधी चुकला असेलच. पण तिला क्लच होता. गोंधळात तो सुटला की आचका देऊन ती बंद पडायची. तिच्या ज्या दुबळेपणाला आम्ही जन्मभर शिव्या दिल्या, तो खरे तर आमच्या चुकांसाठी ठेवलेला मार्जिन होता. नव्या गाडीत दोनच पट्ट्या. ती बंद पडत नाही, कुरकुरत नाही, मालकाचा हुकूम क्षणात पाळते. त्यातली हुशार यंत्रणासुद्धा चालकाने पाय जोरात दाबला की बहुतेक वेळा त्याला खरोखरच जायचे आहे असे समजते. पावणेदोन टनांहून जड असा इतका आज्ञाधारक नोकर बाळगायचा, तर मालकाचा हुकूम चुकता कामा नये.

जपानमध्ये हा प्रश्न फार दारुण रीतीने पुढे आला. १९ एप्रिल २०१९ रोजी टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका निवृत्त उच्चाधिकाऱ्याची गाडी रस्ता ओलांडणाऱ्या लोकांत घुसली. ३१ वर्षांची आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी जागीच गेली. गाडीत बिघाड होता असे तो सांगत राहिला, पण न्यायालयाने २०२१ साली निष्कर्ष काढला तो ब्रेकऐवजी दुसरी पट्टी दाबल्याचा, आणि त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. त्या २०१९ सालात जपानमध्ये सुमारे सहा लाख लोकांनी आपले परवाने आपण होऊन परत केले. त्यांतले बहुतेक वृद्ध होते.

आपल्याकडे काय आहे? २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्नच्या पुढच्या माणसाचा परवाना पाच वर्षांनी नव्याने करावा लागतो आणि सोबत नमुना १-अ हे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. नियम चांगला आहे. पण माझे प्रमाणपत्र ज्यांनी दिले, त्यांनी माझे डोळे तपासले नाहीत. नाव विचारले, पैसे घेतले आणि शिक्का मारला. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडते, समोरून प्रखर दिवा आला की डोळा सावरायला वेळ लागतो. ताशी १०० च्या वेगात गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. रात्री समोरचा दिवा डोळ्यांत गेल्यावर मी दोन सेकंद आंधळा असेन, तर ५६ मीटर रस्ता मी न पाहता कापलेला असतो. शिक्क्याने यातला एक मीटरही कमी होत नाही.

म्हाताऱ्यांवरच सगळे खापर फोडावे असे मात्र नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, आणि मरणाऱ्यांत दोन तृतीयांशांच्या आसपास १८ ते ४५ वयाची होती. १९ मे २०२४ च्या पहाटे आमच्याच पुण्यात, कल्याणीनगरला, एका महागड्या वेगवान गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. ती गाडी एक अल्पवयीन मुलगा चालवत होता असा आरोप आहे. तिथे वय कमी पडले, इथे वय जास्त होते. गाडीला दोन्ही सारखेच.

तरीही आम्ही चावी का सोडत नाही, हेही तरुणांनी समजून घ्यावे. पदपथावर चालायला जागा नाही, बसच्या पायऱ्या गुडघ्यांना झेपत नाहीत, रिक्षावाल्याला जवळचे भाडे नको असते. मुले दूर असतात, आणि जवळ असली तरी प्रत्येक लग्नामुंजीला ‘येतोस का रे सोडायला?’ असे विचारणे कुणाला आवडते? ज्या दिवशी चावी जाते त्या दिवशी माणूस पाहुण्यासारखा होतो, कुणी नेईल तेव्हा जाणारा.

इंग्लंडच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप यांनाही ते जड गेले असणार. जानेवारी २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, सॅंडरिंगहॅमजवळ त्यांची लॅंड रोव्हर दुसऱ्या गाडीवर आदळून उलटली. ते बचावले. दुसऱ्या गाडीत दोन बायका आणि नऊ महिन्यांचे बाळ होते. एकीचे मनगट मोडले, बाळ सुखरूप राहिले. सूर्य डोळ्यांवर आला, असे त्यांनी सांगितले. तीन आठवड्यांनी त्यांनी परवाना परत केला. त्यांच्या दारात नोकरचाकर आणि चालक उभे होते, तरी त्यांना तिथवर पोचायला एक अपघात लागला. माझा एक झाला आहे, आणि त्यात फक्त खुर्ची गेली.

बँकेत कर्ज मंजूर करताना आम्ही अर्जदाराचे स्वतःबद्दलचे मत कधी ग्राह्य धरले नाही. कागद पाहिले, ऐपत पाहिली आणि जामीनदार मागितला. मग स्वतःच्या बाबतीत मी फक्त स्वतःचे मत घेऊन कसा चालत होतो? म्हणून काही गोष्टी ठरवल्या. सूर्य मावळल्यावर गाडी काढायची नाही. चपला घालून चालवायची नाही. दर वर्षी डोळे तपासायचे, तेही शिक्का न मारणाऱ्या डॉक्टरांकडे. गाडीत वेगासाठी जी खास कळ आहे तिला हात लावायचा नाही.

आणि जामीनदार. मुलीला घरी बोलावून तळघरातली सगळी हकिकत सांगितली. हीही तिथेच बसली होती. खांबाची गोष्ट खोटी होती हे तिला त्याच दिवशी पहारेकऱ्याच्या बायकोकडून कळले होते, असे समजले. इतके महिने ती गप्प राहून माझ्या शेजारच्या सीटवर बसत होती.

मी मुलीच्या हातात दुसरी चावी ठेवली. म्हटले, “दर दोन महिन्यांनी माझ्याबरोबर तासभर ये. ज्या दिवशी तुला भीती वाटेल त्या दिवशी पहिलीही माग. मी वाद घालणार नाही.”

ती म्हणाली, “बाबा, तुम्ही घालणारच.”

म्हणून हे छापून ठेवतो आहे. लेखी असलेले बरे.