पिवळ्या पिशवीत जाणारी धमनी

मधुमेहाने अथवा विडीच्या व्यसनाने रक्तप्रवाह खुंटून काळा पडलेला पाय जेव्हा वऱ्हाडातील एखाद्या रुग्णालयात शल्यविशारदास नाइलाजाने कापावा लागतो, तेव्हा तो अवयव २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या पिशवीतून भट्टीकडे रवाना होतो. नियम योग्यच आहे, परंतु त्या पायाबरोबर धमनीची साक्षही जळून जाते, याची मला मनापासून खंत वाटते.

ती साक्ष नोंदवण्याचे साधन आज उपलब्ध आहे. पूर्वी उतीचा तुकडा एकत्र वाटून तपासला जाई, आणि अनेक डाळी एकत्र दळल्यावर पिठावरून डाळ ओळखता येऊ नये तसे होई. आता एकेक पेशी सुटी करून, तिला स्वतंत्र खूण देऊन, तीत कोणती जनुके कार्यरत होती हे वाचता येते. धमनीच्या भिंतीतील स्नायुपेशी विकारग्रस्त जागी आपले मूळ रूप टाकून तंतुपेशींसारख्या कशा होतात, हे या रीतीनेच बारकाईने दिसले. मात्र त्या अभ्यासातील धमन्या बहुतांशी पाश्चात्त्य रुग्णांच्या. लिओ बर्गर यांनी १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये वर्णिलेला, धूम्रपान करणाऱ्या तरुणांच्या हातापायांतील धमन्या बंद पाडणारा विकार तिकडे आता विरळा झाला आहे. आपल्याकडे विडी ओढणारे मजूर अद्यापही त्यापायी ऐन कमाईच्या वयात बोटे आणि पुढे पाय गमावतात. या विकारात धमनीची भिंत बरीचशी शाबूत राहते, आणि दाहपेशींची गर्दी होते ती गुठळीत. त्या पेशी कोणत्या जातीच्या आणि कशाने चेतवलेल्या, हे आपल्या रुग्णांवाचून कोण सांगणार?

म्हणून अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय यांनी, नीतिसमितीची मंजुरी घेऊन, अशा धमनीचा पेराएवढा तुकडा तत्काळ गोठवून पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या संस्थेकडे धाडण्याची तजवीज करावी. गोठलेल्या उतीतून पेशींची केंद्रके मिळतात व तेवढ्यावर काम भागते. महागडी यंत्रे जिल्ह्याजिल्ह्यात नकोत, आणि द्रव नायट्रोजन तर जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत वर्षानुवर्षे पोचतोच आहे. सोबत विडी, खर्रा, साखर आणि मजुरीचे स्वरूप यांचा लेखी तपशील हवा.

पाय गमावणाऱ्या माणसापुढे अंगठ्यासाठी कागद सरकवणे म्हणजे संमती नव्हे. धारणी-चिखलदऱ्याच्या रुग्णास धमनीचा तुकडा कशासाठी हवा ते कोरकूत समजावून द्यावे, नकार दिल्यास उपचारात तसूभरही फरक पडणार नाही हे आधी सांगावे, आणि नावानिशी दप्तर त्याच रुग्णालयात ठेवून पुण्यास केवळ क्रमांक पाठवावा.