संगणकाचे विरजण

घरातले दही संपत आले की त्यातले चमचाभर कोणीतरी आठवणीने बाजूला काढून ठेवते. काढायला अर्धे मिनिटही लागत नाही. पण राहून गेले, तर दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन शेजारी जावे लागते. तुमच्या घरच्या संगणकावर विंडोज ही प्रणाली असेल, तर त्यातही असे विरजण काढून ठेवण्याची सोय आहे. तिला ‘रिस्टोअर पॉइंट’ म्हणतात. आपण त्याला पुनर्स्थापन बिंदू म्हणू. मायक्रोसॉफ्टने ही सोय २००० साली विंडोजच्या मिलेनियम आवृत्तीत प्रथम दिली. आज पाव शतक उलटून गेले, तरी संगणक रोज वापरणाऱ्या पुष्कळांना तिचे नावही ठाऊक नसते. माझे तर स्पष्ट मत आहे की शाळेत संगणकाच्या पहिल्या तासाला हीच गोष्ट शिकवावी. चित्रे रंगवणे आणि तक्ते भरणे त्यानंतर.

असे का म्हणतो ते सांगतो. समजा, तुम्ही मराठी टंकलेखनासाठी एखादी नवी आज्ञावली संगणकात बसवली, किंवा छपाईयंत्रासाठी नवा ‘ड्रायव्हर’ घातला. दुसऱ्या दिवशी आवाज बंद, पडदा काळा, नाहीतर संगणक सुरूच होईना. मग तो उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेला जातो आणि तेथे बहुधा एकच उपाय निघतो – फॉरमॅट मारणे. म्हणजे चकती पुसून सारे पुन्हा पहिल्यापासून भरणे. त्यात ताईच्या लग्नाची छायाचित्रे जातात, बाबांचे हिशेब जातात, तुमचा विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्पही जातो. उंदरासाठी घराला आग लावावी, तशातला हा प्रकार!

आता हा बिंदू काम कसे करतो ते पाहू. विंडोजमध्ये ‘रजिस्ट्री’ नावाचे एक मोठे दप्तर असते. गावच्या महसुली दप्तरात जमिनीच्या प्रत्येक फेरफाराची नोंद असते ना, तसे. कोणती आज्ञावली कुठे आहे, कोणते यंत्र जोडले आहे, कोणती मांडणी निवडली आहे, हे सारे त्यात लिहिलेले असते. पुनर्स्थापन बिंदू या दप्तराची आणि प्रणालीच्या महत्त्वाच्या फायलींची त्या क्षणाची स्थिती राखून ठेवतो.

पण तेवढ्यासाठी सगळ्या चकतीची नक्कल करायची, तर जागा किती लागेल? येथेच खरी गंमत आहे. २००७ साली बाजारात आलेल्या विस्टा आवृत्तीपासून त्यासाठी एक हुशार युक्ती वापरली जाते. एखादा जुना वाडा दुरुस्त करायचा आहे, अशी कल्पना करा. त्याची दुसरी प्रतिकृती कोणी बांधत नाही. जी वीट बदलायची, तेवढीच जुनी वीट काढताना तिच्यावर क्रमांक घालून ती कोठीत ठेवली, की झाले. वाडा पूर्ववत करायची वेळ आलीच, तर न बदललेल्या विटा जागेवर आहेतच. बदललेल्या तेवढ्या कोठीतून आणायच्या. चकतीवरचा एखादा तुकडा नव्याने लिहिला जाण्यापूर्वी त्यातला जुना मजकूर असाच बाजूला ठेवला जातो. म्हणूनच बिंदू तयार करायला फार वेळ लागत नाही.

करायचे काय, तेही सोपे आहे. स्टार्टवर टिचकी मारून ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ हे शब्द इंग्रजीत टंकित करा आणि समोर येणारा पर्याय उघडा. एक लहान चौकट दिसेल. तीत ‘सी’ या चकतीपुढे संरक्षण ‘ऑफ’ दिसले, तर ती निवडून ‘कॉन्फिगर’ दाबा, संरक्षण चालू करा आणि त्यासाठी किती जागा द्यायची ते खालची पट्टी सरकवून ठरवा. मला पाच टक्क्यांच्या आसपास जागा पुरेशी वाटते. मग ‘क्रिएट’ दाबा आणि बिंदूला अर्थपूर्ण नाव द्या. ‘एबीसी’ नको, ‘नवा ड्रायव्हर घालण्यापूर्वी’ असे काही द्या. पुढे नावावरूनच तो ओळखायचा असतो. या कामाला प्रशासकाचे खाते लागते, म्हणून शाळेत शिक्षकांना आणि घरी मोठ्यांना सोबत घ्यावे.

हे संरक्षण अनेक संगणकांवर मुळात बंदच असते, हे मला मुळीच पटत नाही. त्याने चकतीवरची थोडी जागा वाचते, हे खरे. परंतु ज्याला या सोयीची सर्वांत अधिक गरज, त्या नवशिक्याला ती चालू करायची असते हेच माहीत नसते. दुचाकीबरोबर शिरस्त्राण द्यायचे आणि ते डिकीत कुलूपबंद ठेवायचे, त्यातलीच ही गत.

आता या सोयीच्या मर्यादा, कारण त्या न सांगणे म्हणजे फसवणूक होईल. पुनर्स्थापन तुमच्या निबंधांना, छायाचित्रांना हात लावत नाही. त्यामुळे ती जशी सुरक्षित राहतात, तशीच चुकून पुसलेली परतही येत नाहीत. शिवाय विरजण त्याच चकतीवर असते. चकतीच निकामी झाली, तर दोन्ही गेले. जागा भरली की सर्वांत जुना बिंदू आपोआप पुसला जातो. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने तर फायली कुलूपबंद करताना या राखीव प्रतीही पुसून टाकल्या होत्या. तेव्हा महत्त्वाच्या कामाची प्रत वेगळ्या चकतीवर ठेवायलाच हवी. पुनर्स्थापन चालू असताना वीज जाणेही धोक्याचे. भारनियमनाच्या वेळी हे काम काढू नये.

काही शिक्षक म्हणतील, मुलांना हे शिकवले तर ती वाटेल ती उलथापालथ करतील. करू द्यावी, असे मला वाटते. कित्येक शाळांत संगणकाच्या खोलीत मुले यंत्राला बोट लावायला भितात. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आपण मुलांना आम्ल देतोच की. फक्त शेजारी पाण्याचा नळ आहे ना, ते आधी पाहतो.

शाळेच्या एखाद्या संगणकावर, शिक्षकांच्या परवानगीने, हा प्रयोग करा. एक बिंदू तयार करा. मग एक छोटी, विश्वासू आज्ञावली बसवा; नोटपॅडमध्ये चार ओळी लिहून जतन करा. आता तीच चौकट उघडून ‘सिस्टिम रिस्टोअर’ निवडा. आपला बिंदू निवडल्यावर लगेच पुढे जाऊ नका. ‘स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्रॅम्स’ दाबा. कोणत्या आज्ञावली जातील आणि कोणत्या परत येतील, याची यादी तेथे मिळते. ती वहीत उतरवून घ्या. नंतर पुनर्स्थापन करा, संगणक पुन्हा सुरू होऊ द्या, आणि काय गेले, काय राहिले ते यादीशी ताडून पाहा. नोटपॅडमधल्या चार ओळींचे काय झाले, हे उघडून पाहायला विसरू नका.