तापांतलें चित्र

चित्रपटांविषयीं या सदरांत आम्ही सहसा लिहीत नाहीं. आमचा जन्म व्याकरण आणि काव्य शिकविण्यांत गेला. तो प्रांत आमचा नव्हे. परंतु एखादी कृति पाहून प्रेक्षकास आनंद न होतां त्रास झाला, तर दोष कृतीचा कीं प्रेक्षकाचा, हा प्रश्न केवळ चित्रपटापुरता नाहीं. रसिकतेचा तो फार जुना प्रश्न आहे, आणि गेल्या दिवाळींत देवळीस एका घरीं तो नव्या रूपानें आमच्यापुढें उभा राहिला.

त्या दिवशीं जें चित्र पाहण्यांत आलें तें आजचें नव्हे. ‘एक्सप्लोरर’, म्हणजे शोधक, हें त्याचें नांव. मुंबईच्या ‘फिल्म्स डिव्हिजन’ या सरकारी संस्थेनें १९६८ सालीं तें काढलें. ही संस्था १९४८ सालीं स्थापन झाली, आणि अलीकडे ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झाली आहे. मुख्य खेळापूर्वीं मान्यताप्राप्त लघुपट दाखविलाच पाहिजे, अशी चित्रगृहाच्या परवान्याची अटच असे. आमच्या लहानपणीं देवळीहून वर्ध्यास सिनेमा पाहण्यास गेलेल्या मंडळींस ते धरणांचे, पिकांचे आणि कुटुंबनियोजनाचे लघुपट आठवत असतील. तो वेळ खुर्ची शोधण्याचा आणि शेंगा फोडण्याचा. अशा सरळमार्गी संस्थेंतून हें चित्र निघावें, हेंच प्रथम नवल वाटतें.

दिग्दर्शक प्रमोद पति हे ओडिशाचे. बाहुल्यांच्या चित्रपटांकरितां प्रसिद्ध असलेल्या त्रन्का यांच्या हाताखालीं त्यांनीं चेकोस्लोव्हाकियांत शिक्षण घेतलें, आणि १९७५ सालीं ऐन उमेदींत ते वारले. त्यांचें हें चित्र जेमतेम सात मिनिटांचें. त्यांत निवेदक नाहीं, गोष्ट नाहीं, पात्रांस नांवें नाहींत. नाचणारे तरुण, देवतांच्या प्रतिमा, यंत्रें, पुन्हां चेहरे, अशीं दृश्यें एकामागून एक येऊन आदळतात. सिनेमाची फीत सेकंदाला २४ चित्रें दाखविते. पण येथें कांहीं दृश्यें इतकीं क्षणिक आहेत कीं नजर एकावर ठरण्यापूर्वीं दुसरें येतें. ध्वनियोजना विजय राघव राव यांची. हे मूळचे बासरीवादक. परंतु येथें बासरी नसून विद्युत्-यंत्रांतून निघालेले कर्कश नाद आहेत.

त्या घरचा मुलगा पुण्यास संगणकाच्या कामावर असतो. सणास आला असतां त्यानें हें चित्र दूरदर्शन-संचावर लावलें. पाहणारीं आम्ही आठ-नऊ माणसें. दोन मिनिटें झालीं नाहींत तोंच वडिलांनीं ‘हे काय थेर!’ म्हणून खुर्ची मागें सारली. शेजारच्या बाईंनीं आपल्या लहान मुलीच्या डोळ्यांवर हात ठेवला. कीर्तनाचा नाद असलेल्या आमच्या एका स्नेह्यांस देवाच्या मूर्तीशेजारीं तो नाच पाहून राग आला. महाविद्यालयांतील एक विद्यार्थी मात्र म्हणाला, ‘काका, ह्यापेक्षां जोरांत तर आमच्या मोबाईलवर रोज चालतं.’

मुलाची आजी ऐंशीच्या पुढची. ती पदर तोंडाशीं धरून शेवटपर्यंत बसली होती. चित्र संपल्यावर ती म्हणाली, ‘तापांत असंच दिसतं बाई. देव दिसतात, माणसं दिसतात, अन् कानांत नुसतं घूं घूं.’ मग नातवाकडे वळून तिनें विचारलें, ‘तुला हें आवडतं, म्हणजे तुलाही असा ताप येतो का रे, बाळा?’ मुलगा प्रथम हंसला. थोड्या वेळानें म्हणाला, ‘रात्रपाळी करून झोपायला गेलं कीं रोज येतो, आजी.’ वर्षभर फोनवर ‘बरं आहे’ यापलीकडे त्यानें घरीं कांहीं सांगितलें नव्हतें. खुर्ची मागें सारलेले वडील ती पुढें ओढून पुन्हां बसले.

या प्रतिक्रियांपैकीं एकही खोटी नव्हे, असें आमचें मत आहे. भरतमुनींनीं भयानक आणि बीभत्स यांस रसांच्या पंक्तींत बसविलें. भय आणि जुगुप्सा हे त्यांचे स्थायीभाव. म्हणजे अस्वस्थ करणें हें कलेच्या मर्यादेबाहेरचें नाहीं. मात्र तें अस्वस्थपण रसाच्या पदवीस कां पोंचत नाहीं, हें अभिनवगुप्तांनीं सात विघ्नें सांगून विशद केलें आहे. वडिलांची अडचण त्यांतील स्फुटत्वाभावाची: आपण काय पाहतों आहों हेंच त्यांस स्पष्ट होईना. आमच्या स्नेह्यांची अडचण संभावनाविरहाची: देवमूर्ति आणि तो नाच एके ठिकाणीं असूं शकतात, हें त्यांच्या मनास पटेना. आजीबाईंनीं ‘याचा अर्थ काय’ असें विचारलेंच नाहीं. ‘असें आपणांस केव्हां दिसलें होतें’ एवढेंच आठवून पाहिलें. बरें, आपला ताप त्यांनीं आपल्यापुरता ठेवला असता तर तेंही एक विघ्नच झालें असतें. पण त्यांनीं तो दुसऱ्याचाही असूं शकेल हें ओळखलें. भट्टनायकांनीं ज्यास साधारणीकरण म्हटलें, तें याहून फार निराळें नसावें.

आतां नादाविषयीं. शार्ङ्गदेवांनीं तेराव्या शतकांत आपल्या महाराष्ट्रांतील देवगिरीस ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यांत नादाचे आहत आणि अनाहत असे दोन भेद सांगितले आहेत. तार छेडली, मृदंगावर थाप पडली, कीं कान लगेच त्या नादाचा कर्ता शोधतो. विद्युत्-यंत्राच्या नादास तार नाहीं, कातडें नाहीं, कंठ नाहीं. विजेच्या प्रवाहाचें कंपन ध्वनिक्षेपकाचा पडदा हलवितें आणि हवेंत आवाज उमटतो. अनाहत म्हणावें तर तो योग्यांचा विषय. आहत म्हणावें तर आघात दिसत नाहीं. अंधारांत कर्ता न दिसणारा आवाज ऐकून मनुष्य दचकतो, तसेंच येथें होतें. पति एकटेच या वाटेनें गेले असें नाहीं. १९६९ सालीं अहमदाबादच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन’मध्यें अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनीं ‘मोग’ नांवाचें ध्वनियंत्र उभारून दिलें. आणि त्याच सुमारास चित्रकार अकबर पदमसी यांच्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ या लघुपटास गीता साराभाई यांनीं विद्युत्-संगीत दिलें.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. वेगानें लुकलुकणाऱ्या प्रकाशाचा त्रास नेहमींच मनाचा नसतो. तो शरीराचाही असतो. जपानांत १६ डिसेंबर १९९७ रोजीं मुलांच्या एका कार्यक्रमांतील तांबड्या-निळ्या उघडझापीमुळें सहाशेंहून अधिक मुलांना इस्पितळांत न्यावें लागलें. कित्येकांस अपस्माराप्रमाणें झटके आले. अमेरिकेंतील टोनी कॉनराड यांनीं १९६६ सालीं केवळ काळ्या-पांढऱ्या चौकटींचा ‘द फ्लिकर’ हा चित्रपट केला, तेव्हां आरंभींच प्रेक्षकांस तशी सूचना दिली होती. तेव्हां शेजारच्या बाईंनीं मुलीचे डोळे झांकले, हें अगदीं योग्य केलें. ज्यास दुसऱ्यास अस्वस्थ करावयाचें आहे, त्यानें आधीं सांगून करावें, हा कर्त्याचा धर्म आहे.

प्रेक्षकाचाही एक धर्म आहे. न आवडलेल्या चित्रास वाईट म्हणण्याचा अधिकार त्यास अवश्य आहे. परंतु प्रकृतीस अपाय नसेल तर तें पुरतें पाहावें, आणि मग ‘हें वाईट आहे’ एवढ्यावर न थांबतां ‘यानें मला काय झालें’ हें सांगावें. विशेषतः घरांतील तरुणानें असें कांहीं आणून दाखविलें, तर ‘हें तुला कां आवडलें’ हा प्रश्न त्यास मायेनें विचारावा. मोबाईलवर याहून जोरांत चालतें, असें तो विद्यार्थी म्हणाला तें खरेंच आहे. पण तेथें पाहणारा एकटा असतो, आणि त्यास ताप आला कीं नाहीं हें विचारणारें जवळ कोणी नसतें.