काना, मात्रा आणि नोकरी

आमच्या भाचीला सरकारी दवाखान्यात परिचारिकेची नोकरी लागली. निवड यादीत नाव आलं त्या दिवशी ईद नसतानाही घरात शीरखुर्मा झाला. आठवड्याभरात कागदपत्र पडताळणीचं पत्र आलं आणि सगळ्यांची तोंडं उतरली. तिचं खरं नाव इथे देत नाही, घरच्यांना आवडायचं नाही. समजा, ते नुसरत आहे. दहावीपासून नर्सिंगपर्यंतच्या कागदांवर ती 'नसरत', आधारवर 'नुसरत' आणि शिधापत्रिकेवर 'नुसरतबी'. शेख या आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं दोन. पंधरा दिवसांत खुलासा करा, असं पत्रात होतं.

हे होतं कसं, ते आम्हा उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. जेर, जबर, पेश ही चिन्हं अक्षराच्या वर-खाली द्यायची, पण हाताने लिहिताना ती कोण देतो? नून, स्वाद, रे, ते, एवढ्यावर नाव पुरं. वाचणाऱ्याला मुलगी माहीत असेल तर ती नुसरत, नसेल तर नसरत. मराठीत आणताना मात्र उकार द्यायचा की नाही, हे ठरवावंच लागतं. ते ठरवतो कारकून. भाचीच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात नाव उर्दूत होतं. दाखला करताना पेश गळाला आणि तोच दाखला पुढे बोर्डात गेला.

त्या पंधरा दिवसांत दस्तरखानावर दुसरा विषय नव्हता. आमचे मोठे भाईजान म्हणाले, "म्हणून सांगत होतो, कागद नीट करून ठेवा." 2019 च्या डिसेंबरात नागरिकत्वाचा कायदा झाला, तेव्हा मालेगावात जन्मदाखल्यांसाठी रांगा लागल्या होत्या. भाईजाननी तेव्हाच घरातला कागदन् कागद लॅमिनेट करून आणला होता. (लॅमिनेट केलेल्या दाखल्यावर दुरुस्तीचा शिक्का कुठे मारायचा, हा प्रश्न आता आला.) त्यांचा मुलगा हसला. म्हणाला, "अब्बा, यात राजकारण कसलं? माझ्या ऑफिसातल्या कुलकर्णींचं आडनाव पॅनकार्डावर वेगळंच आहे."

दोघांचंही खरं आहे. चुका सगळ्यांच्याच दाखल्यांत असतात. पण कुलकर्णी ती चूक सांगताना हसतात, आणि आमच्या अम्मींना रात्रभर झोप लागत नाही.

भाचीचा नवरा भला माणूस. मुलाला सांभाळायची तयारी त्याने आधीच दाखवली होती. त्याच्या आईची नव्हती. नोकरी परजिल्ह्यातली, त्यात पोर तीन वर्षांचं. कागदांची अडचण आली तेव्हा त्या म्हणाल्या, "अल्लाहची मर्जी नसेल." भाची काही बोलली नाही, फाईल घेऊन उठली. त्या रात्री आम्हाला फोन आला. "मामू, प्रतिज्ञापत्राचा मसुदा मराठीत करून द्याल?" आम्ही दिला. मग स्टॅम्पपेपर, नोटरी, राजपत्रात नावाची जाहिरात, मतदार यादीसाठी आठ नंबरचा अर्ज. दाखल्याचं त्या शाळेने शिक्षण विभागाकडे बोट दाखवलं. जनरल रजिस्टरातली नोंद शाळा आपल्या मनाने बदलू शकत नाही, आणि ते बरंच आहे. शेवटी हमीपत्र घेऊन तिला रुजू करून घेतलं. सासूबाई आता नातवाला घेऊन तिच्याकडेच राहतात. दवाखान्यातल्या बायका रक्तदाब मोफत तपासतात, याचं त्यांना भारी कौतुक.

एक गोष्ट लग्नाळू मुलींच्या आयांसाठी. निकाह झाला की आधारवर नवऱ्याचं नाव चढवायची घाई होते. आपल्या धर्मात तशी अट नाही. मुलगी बापाच्या नावाने ओळखली जाते, ती निकाहानंतरही. एका कागदावर बदलायचं आणि बाकी नऊ तसेच ठेवायचे, याने फक्त नोटरीचं घर चालतं.

आता नियमही बदललेत. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. म्हणजे आईचं नावही तिच्या स्वतःच्या कागदांवर सगळीकडे सारखं हवं. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक आयांचं तसं नाही.

गेल्या जूनमध्ये पहिलीच्या प्रवेशाला एक बाप आला. मुलीचं नाव विचारलं तर म्हणाला, "सर, तुम्ही शिकलेले. बरोबर वाटेल ते लिहा." आम्ही पेन खाली ठेवलं. जन्मदाखला आणि मुलीच्या आईला घेऊन या म्हटलं. तो कुरकुरत गेला. दुपारी आई आली. तिने आमच्या हातातून कागद घेतला आणि नाव स्वतः लिहिलं, आधी उर्दूत, पेशसकट, आणि मग त्याच्याखाली मराठीत.