चुरा ताजा की सुका?

रमजानमध्ये आपल्या घरांत पाव जरा जास्तच येतो. इफ्तारला खिम्यासोबत हवा म्हणून डझनभर आणतो. पण खजूर, शरबत आणि भजी यांवरच निम्मी भूक भागते. रोज चार-पाच पाव उरतात, दुसऱ्या दिवशी कडक होतात आणि मग टाकून दिले जातात. महिना संयमाचा आणि रिज्कचा असा इसराफ! मनाला टोचते.

एकदा आमच्याकडे इफ्तारला पाहुणे होते. त्याच दिवशी आणलेला मऊ पाव कुस्करून आम्ही कटलेटच्या खिम्यात घातला आणि वरूनही तोच लावला. कटलेट तेलात सोडले आणि कढईतच फुटले. मगरिबला पंधरा मिनिटे उरलेली. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, ताजा आत, सुका बाहेर." डब्यातले टोस्ट त्यांनी लाटण्याने कुटले, थोडा चुरा मिश्रणात मिसळला, बाकीच्यात कटलेट घोळवले. उरलेले सगळे शाबूत निघाले, अल्हमदुलिल्लाह.

कारण साधे आहे. ताज्या पावात वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी असतेच. तो खिम्यात गेला की कबाब मऊ आणि रसदार राहतात. पण कांदा-कोथिंबिरीचे पाणी सुटलेले असेल तर ते शोषण्याची ताकद त्याच्यात फारशी नसते. सुका चुरा हे पाणी पटकन ओढून घेतो. वरच्या थराचेही तेच: ओलसर चुरा कुरकुरीत होईपर्यंत तेल पितो, सुका लगेच खरपूस होतो.

अर्धा किलो खिम्याला दोन पावांचा ताजा चुरा आणि एक अंडे पुरते. मिश्रण सैल वाटले तर ताजा चुरा वाढवू नका. दोन-तीन मोठे चमचे सुका चुरा घालून दहा मिनिटे थांबा. तो हळूहळू फुगतो. घाईने आणखी घातलात तर कबाब कोरडे होतील. शामी कबाबची गोष्ट वेगळी. त्यात हरभऱ्याची डाळ असते, तिला पावाची गरज नाही.

तळताना कटलेट अंड्यात बुडवून सुक्या चुऱ्यात घोळवा आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा; थर सुटत नाही. टोस्ट गोड असेल तर आच मध्यमच ठेवा, साखरेमुळे तो लवकर काळा पडतो.

आता उरलेल्या पावाचे. मऊ असेल तेव्हाच हाताने कुस्करून पिशवीत भरा आणि फ्रीजरमध्ये ठेवा: हा झाला ताजा चुरा. कडक झालेल्याचे काप करून मंद तव्यावर उलटसुलट भाजा, पूर्ण गार होऊ द्या, मिक्सरमधून काढा आणि कोरड्या बरणीत भरा. थोडाही ओलावा राहिला तर बुरशी येते, पावसाळ्यात तर हमखास. बुरशीचा ठिपका दिसलेला पाव मात्र भाजूनही वापरू नका.

तेव्हापासून आमच्या ओट्यावर एक बरणी कायम असते. रमजान संपतो, ईद होते, बरणी तशीच भरत राहते. सासूबाई अधूनमधून झाकण उघडून पाहतात आणि काही न बोलता पुन्हा लावतात.